लांब दमाची आत्या

माझ्या होणाऱ्या नवऱ्याने माझ्या आत्याला नावं ठेवली, तीही भर अंगणात, आणि तीही इंग्रजीत. आता मला सांगा, मी आश्रमशाळेत आठवी-नववीच्या पोरांना इंग्रजी शिकवते. माझं पोट ज्या भाषेवर चालतं, नेमकी तीच भाषा ह्या शहाण्याला चोरून बोलायला सापडली!

त्या दिवशी लग्नाची बोलणी होती. आमचा पाडा सूर्यमाळच्या अंगाला, चढावर. तुषार आणि त्याची आई जव्हारहून वर आली होती. तुषारचं तिथे स्टँडजवळ मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. आम्ही दोघांनी एकमेकांना कधीच पसंत करून टाकलं होतं, त्यामुळे बोलणी आपली नावापुरती. माझा बाप तुका तर पहिल्या चहालाच हो म्हणून मोकळा झाला. पण माघीआत्या मोकळी होईना.

माघीआत्या म्हणजे बापाची थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी रांगत होते. आत्यानेच मला वाढवलं, न्हाऊमाखू घातलं, शाळेत घातलं आणि चुकले तेव्हा धपाटेही घातले. शिवाय ती धवलेरी. आमच्याकडे लग्न भटजी लावत नाही, धवलेरी लावते, आणि लावते म्हणजे धवला, लग्नाचं गाणं, गाते. देवांना हाक मारते, डोंगराला मारते, पाण्याला मारते, आणि मग दोन्ही घरची जी माणसं आता नाहीत त्यांना एकेकाला बोलावते. आत्याची पद्धत अशी की नुसतं नाव घ्यायचं नाही. ज्याला बोलवायचं त्याची एक तरी खूण गाण्यात आली पाहिजे, नाहीतर त्याला कसं कळणार की हाक आपल्यालाच आहे? म्हणून लग्न ठरलं की ती दोन्ही घरच्या लोकांना खोदून खोदून विचारते.

तशी ती त्या दिवशी तुषारच्या आईला, चंपाआईंना विचारत बसली होती. तुषारचे वडील लक्ष्मण, जव्हार-मोखाडा रस्त्यावर जीप चालवायचे. चार वर्षं झाली त्यांना जाऊन.

"कसा होता गं तुझा मालक?" आत्याने विचारलं.

"कसा म्हणजे? चांगला होता, बाय," चंपाआई म्हणाल्या.

"चांगले सगळेच असतात मेल्यावर. काय खायचा? काय बोलायचा? कोणत्या गोष्टीला चिडायचा?"

झालं! आधी पदर सावरून बसलेल्या चंपाआई हळूहळू खुलल्या. घरी येताना खालच्या वळणावर हॉर्न द्यायचे, म्हणाल्या, म्हणजे मी चहाला आधण ठेवायचं. दारात येईपर्यंत चहा झाला नसला तर पुन्हा खाली जाऊन हॉर्न देऊन यायचे, असा वात्रट माणूस! दोघी खो खो हसल्या. मग आत्याने विचारलं, जीपचा रंग कोणता. मग विचारलं, गाणी म्हणायचे का. ऊन शेवग्याच्या झाडावरून खाली उतरलं तरी ह्यांचं संपेना.

तुषारची चुळबुळ सुरू झाली होती. त्याला हॉलचं बोलायचं होतं. वैशाखात आमच्या पाड्यावर प्यायला पाणी मिळायची मारामार, दोनशे माणसांचं लग्न कुठून करणार? म्हणून जव्हारला हॉल घ्यायचं ठरत होतं. त्याने दोनदा घसा खाकरला, कोणी लक्ष दिलं नाही. शेवटी माझ्याकडे वाकून म्हणाला, "युवर आत्या इज व्हेरी लाँग-विंडेड."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण सासूबाई समोर! गप्प बसले. तेवढ्यात आत्याने मान वळवली.

"काय बोलला तो?"

"काय नाय गं. चहा चांगला झालाय म्हणतोय."

"चहा चांगला झालाय, तर एवढं वाकडं तोंड?" असं म्हणून ती पुन्हा चंपाआईंकडे वळली. मला ठाऊक होतं, ही विसरणार नाही.

संध्याकाळी मी तुषारला फोन केला आणि अशी काही झाडली की विचारू नका. तो पहिल्यांदा म्हणाला, "अगं, सहज म्हटलं." मग म्हणाला, "पण खोटं आहे का?" मग त्याने हॉलचं सांगितलं. हॉल फक्त दुपारपर्यंत मिळत होता, नंतर कुणाचा तरी साखरपुडा. आत्या गायला बसली की दिवस मावळतो, हे अख्ख्या तालुक्याला माहीत. तर त्याचं म्हणणं, आत्याचं गाणं आधीच मोबाईलवर भरून घेऊ, तेच तेच येतं ते कापू, आणि छोटं करून स्पीकरवर लावू. आत्याने नुसतं समोर बसायचं.

"मग नवरीचा पण फोटोच लाव ना माझ्याजागी! लवकर आटपेल!" असं म्हणून मी फोन ठेवला.

मला वाटलं, आत्याला हे कळलं तर ती कोयताच घेईल हातात. आणि झालं काय? तिने ऐकून घेतलं, भाकरी थापता थापता एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बरं होईल. भरू दे त्याला."

माझा विश्वास बसेना. हीच ती बाई! वावर गावातल्या एका लग्नात कुणीतरी मध्येच बँड सुरू केला, तेव्हा हिने बँडवाल्याचं पिपाणीवरचं तोंड आपल्या हाताने बाजूला केलं होतं. आणि आता म्हणे बरं होईल? मी चिडून विचारलं, तर म्हणाली, भाकरी करपेल, सरक.

दुसऱ्या दिवशी शाळेत माझं डोकं जागेवर नव्हतं. मधल्या सुट्टीत कपाटातली जाडजूड इंग्रजी डिक्शनरी काढली. हेतू चांगला नव्हता हे आधीच सांगते. त्या शब्दाचा जास्तीत जास्त वाईट अर्थ शोधून मला तो तुषारच्या तोंडावर फेकायचा होता. अर्थ तसा मला येत होताच. लाँग-विंडेड म्हणजे पाल्हाळीक, लांबण लावणारा, ऐकणाऱ्याचा जीव नकोसा करणारा. पोरांना जोडविशेषणं शिकवताना मी हेच सांगत आले होते.

पण शब्दाखाली त्याची जन्मकथा दिली होती, ती मी कधी वाचलीच नव्हती. त्यातला विंड म्हणजे नुसता वारा नव्हे, माणसाचा श्वास. दम. लाँग-विंडेड म्हणजे लांब दमाचा. काही शतकांपूर्वी इंग्रज लोक हा शब्द घोड्याला लावायचे, पळणाऱ्या माणसाला लावायचे. लांबचा पल्ला मारूनही ज्याला धाप लागत नाही, तो लाँग-विंडेड. चांगला, कौतुकाचा शब्द! मग ज्याला बोलताना धाप लागत नाही, ज्याचा दम संपत नाही आणि म्हणून बोलणंही संपत नाही, त्यालाही लोक चेष्टेने तेच म्हणायला लागले. चेष्टा तेवढी राहिली, घोडा विसरला गेला.

मी एकटीच हसले. वर्गात पोरांना सांगितलं तर त्यांनी लगेच एकमेकांना लाँग-विंडेड म्हणायला सुरुवात केली आणि कोण जास्त पळतो यावर मैदानात शर्यत लागली. मला कधी एकदा घरी जाते असं झालं.

घरी गेले तर आत्या ओट्यावर नागली पाखडत होती. मी तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगून टाकलं. तुषार त्या दिवशी नेमकं काय म्हणाला, त्याचा आताचा अर्थ काय, आणि जुना अर्थ काय.

"म्हणजे बघ," मी म्हटलं, "तो तुला नावं ठेवायला गेला आणि तुझं कौतुक करून बसला! लांब दमाची!"

मला वाटलं आता ही टाळी देईल. पण तिचं सूप थांबलं.

"आधीचा जो अर्थ सांगितलास ना, पोरी," ती म्हणाली, "तो आता माझा नाय राहिला."

"म्हणजे?"

"दम संपलाय माझा. थंडीत तो खोकला झाला ना, तवापासून. विहिरीवरून येताना दोनदा बसते मी. तुला दिसू नये म्हणून तू शाळेत गेल्यावर जाते पाण्याला."

सगळ्या डोंगरात जिच्या छातीत लोहाराचा भाता आहे म्हणायचे, ती माझी आत्या!

मग एकेक उलगडलं. तुषार गाणं भरून घेतो म्हणाला तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला होता, कारण तिला भीती वाटत होती. आमच्याकडे हाक अर्धी तुटणं फार वाईट मानतात. ज्याला बोलावलं तो अर्ध्या वाटेवर थांबतो, ना इकडचा ना तिकडचा, असं आत्या म्हणते. दुसऱ्या कुणाच्या लग्नात तिने सरळ नाही म्हटलं असतं. पण हे माझं लग्न होतं.

"दुसरी धवलेरी बघू या का गं?" मी भीत भीत विचारलं.

"तुला मी वाढवली, आणि लावून देईल दुसरी?" ती एकदम तापली. मग तिचे डोळे भरून आले. "पण एक सांग. मोबाईल हाक मारेल, त्याला कोण येईल? तुझी आई येईल कं?"

मला हुंदका आवरला नाही. आम्ही दोघी त्या नागलीच्या ढिगाशेजारी बसून मनसोक्त रडलो. रडून झाल्यावर मात्र मला जोर चढला. मी म्हटलं, गाणार तूच, आणि अख्खं गाणार. दुसऱ्याच दिवशी तिला जव्हारला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी छाती तपासली आणि तोंडात मारायचा पंप दिला. आत्याने त्याचं नाव फुसफुशी ठेवलं. पहिल्या दिवशी तिने तो देवाकडे तोंड करून, डोळे मिटून, असा काही ओढला की बाप म्हणाला, ही आता घुमणार.

तुषारला मी एवढंच सांगितलं की आत्या स्वतः गाईल, थकली तरच स्पीकर लावायचा. तो म्हणाला बरं. आत्याच्या दम्याचं त्याला सांगायचं नाही, अशी आत्याने मला माझीच शपथ घातली होती.

मग तो दर रविवारी मोटारसायकलवरून वर यायला लागला. आत्या भिंतीला टेकून बसायची, तो तिच्यासमोर मोबाईल धरून बसायचा. एका वेळी ती थोडंच गायची, मग म्हणायची, आता चहा. मी आतून कान देऊन ऐकायची आणि मनात धुमसायची. हा आता ह्यातलं काय काय कापणार? डोंगर कापणार की पाणी? माझी आई कापणार की स्वतःचा बाप? एकदा न राहवून विचारलंच, "झालं का कापून?"

"बघतोय," तो म्हणाला.

पुढच्या रविवारी विचारलं, तरी बघतोयच. दुकानात बसला असला की कानात ती वायर घालून बसलेला असायचा, असं चंपाआई मला फोनवर म्हणाल्या. गिऱ्हाईक हाका मारून दमतं, म्हणाल्या, ह्याला पत्ता नसतो. मी म्हटलं, कापाकापी चालली असेल, आणि दात ओठ खाल्ले.

लग्नाचा दिवस उजाडला. पाड्यावरची सगळी माणसं दोन टेम्पो भरून गाणी म्हणत जव्हारला उतरली. दारातच हॉलचा मॅनेजर हेमंत उभा. तो म्हणाला, भिंतीवर काहीही रंगवायचं नाही. आता आमच्याकडे लग्नाचा चौक तांदळाच्या पिठाने भिंतीवर काढल्याशिवाय लग्न कसं होणार? बायका त्याच्या अंगावर धावून गेल्या. शेवटी बापाने एक प्लायवूडचा तुकडा मिळवला, त्याला गेरू फासला, आणि सवाशिणींनी त्यावर चौक काढला. हेमंत मग इतका खूश झाला की त्याने त्या चौकाबरोबर आपला फोटो काढून घेतला.

आत्याने नवं लुगडं नेसलं होतं. गायला बसायच्या आधी तिने कोपऱ्यात जाऊन फुसफुशी ओढली, मला डोळा मारला आणि चौकासमोर मांडी घातली. शेजारी आमच्या पाड्यावरची चैती आणि आणखी एक सवाशीण. आत्या ओळ टाकते, ह्या दोघी ती मागून झेलतात. पण ओळ पुरी झाल्यावरच, आधी नाही. स्पीकरच्या पेटीला तुषारचा मोबाईल जोडून ठेवला होता. तो बघून मला धीरही येत होता आणि रागही.

आत्याने पहिली हाक दिली, आणि अख्खा हॉल गप्प झाला. बाळं रडायची थांबली म्हणणार होते, पण नाही थांबली, मी कशाला खोटं सांगू. बाकी सगळे मात्र थांबले. देव झाले, डोंगर झाला, विहिरी आणि झरे झाले. आत्याचा आवाज असा उठला की मला वाटलं डॉक्टरांच्या पाया पडावं. मग आमच्या घरची माणसं आली. आणि मग तिने माझ्या आईला हाक मारली.

"अंगणात केस वाळविणाऱ्या कमू, ये गं ये, लेक तुझी सजली, बघायाला ये."

मी मान वर केली नाही, पण मला सांगता येणार नाही असं बरं वाटलं.

मग तुषारच्या घरची माणसं. आजा झाला, आजी झाली. आत्याचा खांदा आता वरखाली व्हायला लागला होता. दोन ओळींच्या मध्ये ती जास्त थांबत होती. मी मुंडावळ्यांच्या आडून तिच्याकडे बघत होते, आणि माझाच श्वास अडकत होता. समोरच्या खुर्च्यांवर पहिल्या रांगेत चंपाआई बसल्या होत्या. त्या पुढे सरकून बसल्या, कारण आता कुणाची पाळी आहे हे त्यांना कळलं होतं.

"जीपवाल्या लक्ष्मणा, घाट चढून ये रं," आत्याने उचललं, "वळणावर हारन दे..."

आणि तिथेच तुटलं. तिचं तोंड उघडं होतं, पण आवाज नव्हता. एक हात छातीवर, दुसरा हवेत. चैतीने माझ्याकडे बघितलं, तिला पुढचं येत असलं तरी आत्याची ओळ पुरी झाल्याशिवाय तिला ती उचलता येत नव्हती. चंपाआईंचा चेहरा मला बघवेना. त्यांचा माणूस वळणावर उभा होता, आणि पुढची हाक येत नव्हती.

मी तुषारला कोपर मारलं. "लाव!" मी दातावर दात ठेवून म्हटलं. "अरे लाव ना स्पीकर!"

तो उठला नाही. त्याने मुंडावळ्या दोन्ही हातांनी बाजूला केल्या, आणि गायला लागला.

"चुलीवर आधण हाय, चहा तुझा हाय, लेकाच्या मांडवाला ये रं ये!"

काय आवाज तो! खरं सांगते, आमच्या शाळेची घंटासुद्धा त्याहून सुरात वाजते. पण शब्द एकही चुकला नाही, हेल एकही चुकला नाही, आत्या जिथे ओळ खाली सोडते तिथेच त्याने ती सोडली. शेवटच्या "ये"ला त्याचा आवाज चिरकला. तो आपल्या बापाला हाक मारत होता हो!

मग तुषारकडचे सोम्याबाबा काठी आपटून उठले. "नवरदेव कुठं धवला गातो कं? बापजन्मात नाय ऐकलं!"

सगळ्यांच्या माना आत्याकडे वळल्या. आत्याची धाप जरा बसली होती. तिने सोम्याबाबांकडे असं बघितलं की ते तिथेच अर्धे बसले.

"बाप कोणाचा? त्याचा," ती म्हणाली. "मग हाक कोण मारेल, तुम्ही? हाक तुटली नाय. पोराने झेलली. बसा खाली."

सोम्याबाबा बसले. चैतीने टिपेला जाऊन ओळ झेलली, आणि मागून एक एक करत सगळा हॉल झेलायला लागला. बाप्येसुद्धा! मग आत्याची नुसती गंमत झाली. ती राणीसारखी मागे टेकली. पहिला शब्द ती टाकायची, उरलेली ओळ दोनशे माणसं उचलून धरायची, आणि तेवढ्यात ती निवांत श्वास घ्यायची. ज्याच्या घरच्या माणसाचं नाव येई तो उठून उभा राहून ओरडे. माझा बाप तर प्रत्येकाच्या नावाला उभा राहत होता, शेवटी त्याला धरून बसवला. एवढा लांब दम त्या हॉलमध्ये कधी कुणी ऐकला नसेल.

त्या गोंगाटात मी तुषारला विचारलं, "हे कधी शिकलास?"

"कापायला बसलो होतो," तो म्हणाला. "एक ओळ कापायची म्हटली तर कोणाला तरी वगळायला लागत होतं. रोज ऐकायचो, उद्या कापू म्हणायचो. ऐकून ऐकून पाठ झालं."

"आणि आत्याचा दम?"

"वायर कानात घातली की श्वासच आधी ऐकू येतो, योगिता. पहिल्याच रविवारी कळलं. म्हटलं, पाठ असलेलं बरं."

"मग मला सांगितलं का नाहीस रे?"

"तू बोलू देतेस कुठं!"

भर मांडवात मी त्याला चिमटा काढला, आणि तो फोटोत आला आहे. माझा राग कुठल्या कुठे पळाला. ह्या माणसाबरोबर मी जन्म काढणार, ह्याचा मला इतका आनंद झाला की मीही झेलायला लागले. नवरीने गाऊ नये म्हणतात. पण त्या दिवशी कोण कुणाला काय म्हणणार होतं?

दुपार कलली, आमचं चालूच. हेमंत घड्याळ दाखवत दोनदा येऊन गेला, तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याच्या मागून साखरपुड्याची पाहुणेमंडळी. मला वाटलं आता भांडण. पण त्यांच्यातली एक म्हातारी सरळ पुढे आली, आत्याच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "बाय, आमच्या म्हाताऱ्याला पण घे की एक हाक. तो पण इथलाच."

"काय आवडायचं त्याला?" आत्याने लगेच विचारलं, आणि म्हातारी पदर सावरून सांगायला लागली. हेमंतने कपाळाला हात लावला. उभं राहून राहून त्याचे पाय दुखून आले असणार. पहिल्या रांगेत चंपाआईंच्या शेजारची खुर्ची रिकामी दिसली, तसा तो तिच्याकडे गेला आणि बसायला वाकला.

चंपाआईंनी पटकन खुर्चीवर हात ठेवला. त्यांचे डोळे ओले होते, आणि त्या हसत होत्या.

"तिथं नको, भाऊ," त्या म्हणाल्या. "आत्ताच आलेत ते."